क्रॅकरची दोन टोकं

सदर : माजघर



दिवाळीचा फराळ संपून डबे घासून फडताळात गेले, की आमच्या घरी एक ठरलेला वाद सुरू होतो. खिडकीतला आकाशकंदील काढायचा की ठेवायचा? ‘हे’ म्हणतात, "तुळशीचं लग्नसुद्धा झालं, आता काढ की!" मी म्हणते, "राहू द्या हो, महिन्याभरावर नाताळ आला." गेली पन्नास वर्षं या वादात मीच जिंकत आले आहे. (बाकीच्या वादांचं इथे लिहीत नाही!) हिवाळी अंकासाठी काय लिहावं म्हणून परवा खिडकीशी बसले होते. समोर तो कंदील लटकत होता. म्हटलं, आज याचीच गोष्ट सांगून टाकावी.

आम्ही सप्टेंबर १९७३ मध्ये लंडनला आलो. ईस्ट हॅममध्ये एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग, त्यातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. ‘हे’ इस्पितळात ज्युनिअर डॉक्टर. त्या वर्षीचा डिसेंबर जुन्या मंडळींना आठवत असेल. तेलाचा भडका उडालेला, कोळशाची चणचण, आणि वीज वाचवायची म्हणून सरकारच्या हुकमानं रात्री साडेदहाला टीव्ही बंद! नाताळचे दिवस तेवढे त्यातून सुटले. विलायत विलायत म्हणतात ती हीच का, असं मला तेव्हा रोज वाटे.

नाताळच्या दिवशी इस्पितळात ड्यूटी कुणाची, हे सांगायला नकोच. ज्यांच्या घरी नाताळ नाही त्यांची! आपल्या कितीतरी भारतीय डॉक्टरांचे आणि नर्सेसचे पहिले नाताळ असेच वॉर्डात गेले. तक्रार नव्हती. त्यांना त्यांच्या सणाला घरी जाऊ द्यायचं आणि आपण दिवाळीला रजा घ्यायची, असा तो सौदा होता. (दिवाळीला रजा मिळाली का, ते मात्र विचारू नका.)

आदल्या दिवशी दूधवाल्यानं बाटल्यांबरोबर एक चिठ्ठी ठेवली होती. उद्या येणार नाही, जादा दूध हवं असेल तर सांगा, अशी. मी ती जाहिरात समजून बाजूला टाकली. पंचवीस तारखेला सकाळी दहा वाजता बाटलीत बोटभर दूध! पोराला शालीत गुंडाळलं आणि बाहेर पडले. कोपऱ्यावरचं दुकान बंद. हाय स्ट्रीटवर सगळी दारं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गिरगावात वाढलेली. इतका रिकामा रस्ता मी फक्त कर्फ्यूत पाहिला होता. आणि गंमत म्हणजे प्रत्येक खिडकीत दिवे, कागदी साखळ्या, आत माणसांची हालचाल. सगळं गाव घरात आणि मी एकटी बाहेर. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं.

परत येताना शेजारच्या घराचं दार उघडलं. सत्तरीला टेकलेल्या एक बाई, अंगावर एप्रन, हाताला पीठ. म्हणाल्या, "डियर, तुमच्या खिडकीतला तारा फार सुंदर आहे हं. मी रोज बघते." तो आमचा दिवाळीचा कंदील होता. काढायचा राहून गेला होता! मला एकदम खोताच्या वाडीतला नाताळ आठवला. आमच्या घरापासून चार पावलांवर ती ख्रिस्ती वस्ती. तिथल्या लाकडी सज्जांतून डिसेंबरात कागदी तारे लागत, आणि आम्ही मुलं म्हणायचो, यांची दिवाळी उशिरा येते. मी त्या बाईंना ‘तो तारा नव्हे’ वगैरे काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "दूध संपलंय हो." त्यांनी मला आत घेतलं, आणि रात्री ‘हे’ ड्यूटीवरून परत येईपर्यंत मी त्यांच्याच घरी होते.

पुढे मुलं त्यांना ‘नॅन’ म्हणू लागली, म्हणून मीही इथे नॅनच म्हणते. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेलेली. तिचं कार्ड मॅन्टलपीसच्या मधोमध मांडलेलं असायचं, आणि बाकीची कार्डं दोऱ्यावर ओळीनं टांगलेली. आमच्या आया तिकडे गिरगावात आणि सदाशिव पेठेत बसून एअरोग्रॅमची वाट बघत होत्या, तेच ही बाई इथे ईस्ट हॅममध्ये करत होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. वयच तसं होतं.

तर मंडळी, नाताळ मला नॅननं शिकवला. डिंक लावलेल्या रंगीत पट्ट्या ओल्या करून त्यांच्या साखळ्या करायच्या, हे काम मुलांचं. (जिभेला तो डिंक दिवसभर लागे.) झाडावरचे काचेचे गोळे वूलवर्थमधून, दरवर्षी थोडे थोडे जमवलेले. २००९ च्या जानेवारीत वूलवर्थची शेवटची दुकानं बंद झाली, तेव्हा मी गोळ्यांची जुनी पेटी काढून बघत बसले होते. दूधवाला, पोस्टमन, कचरेवाला यांना नाताळची बक्षिसी द्यायची, म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच की! जेवताना प्रत्येकाच्या ताटाशी एक क्रॅकर. ही कागदाची गुंडाळी. दोघांनी दोन टोकं धरून ओढायची, की फट् असा टिकलीसारखा आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट, एखादं चिमुकलं खेळणं आणि अत्यंत पांचट असा एक विनोद बाहेर पडतो. १८४७ च्या सुमाराला लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्यानं ही टूम काढली म्हणतात. तो मुकुट घालूनच जेवायचं. घातला नाही तर नॅन रागावत.

खाण्याची मात्र पंचाईत होती. पहिल्या दिवशी त्यांनी ‘मिन्स पाय’ पुढे केले. मिन्स म्हणजे खिमा, एवढं इंग्रजी मला येत होतं! मी हात जोडले. मग त्यांनी एक फोडून दाखवला. आत मनुका, बेदाणे, सफरचंद, दालचिनी. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या वर्षी मीच विचारलं, यात नक्की काय काय घालता? तेव्हा कळलं की मिन्स पायच्या सारणात आणि पुडिंगमध्ये ‘सुएट’ पडतं, म्हणजे चक्क गाईची चरबी! नॅनचा चेहरा माझ्यापेक्षाही पडला. त्यानंतर त्या घरात सुएट आलं नाही. पुडिंगमध्ये लोणी पडू लागलं आणि बटाटे तेलात भाजले जाऊ लागले. चाळीस वर्षांची सवय त्यांनी आमच्यासाठी मोडली आणि त्याचा कधी उच्चार केला नाही. मी करंज्या घेऊन जायची. त्या म्हणायच्या, "हे तुमचे मिन्स पाय!" आता बघा, गोव्यातले ख्रिस्ती लोक नाताळच्या फराळात ‘नेवऱ्या’ करतात, त्या म्हणजे आपल्या करंज्याच. आणि ‘नाताळ’ हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. म्हणजे नॅन म्हणत होत्या त्यात खोटं काहीच नव्हतं.

१९७६ साली आमच्या सासूबाई आल्या. सोवळं-ओवळं फार नसलं, तरी "हा आपला सण नव्हे गं," हे त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं आणि दार लावून जप करत बसल्या. १९७७ ला नॅन स्वतः बोलवायला आल्या. घरच्या मोठ्या बाईला आमंत्रण द्यायला दुसऱ्या घरची मोठी बाई उंबऱ्यावर आली, मग नाही कसं म्हणणार? सासूबाई नऊवारी नेसून, वर स्वेटर आणि पायात मोजे घालून निघाल्या.

तो दिवस मला अजून तासातासानं आठवतो. नॅनकडे भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही होता, आमचा काळा-पांढरा. तेव्हा चॅनेल तीनच. चौथं आलं ते १९८२ साली. नाताळाआधी नॅन ‘रेडिओ टाइम्स’चा दोन आठवड्यांचा जाडजूड अंक घेत. आपण दिवाळी अंकाची वाट बघतो ना, तस्सा! पण त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम. आयटीव्हीसाठी ‘टीव्ही टाइम्स’ वेगळा घ्यावा लागे. एका अंकात सगळी चॅनेल्स यायला १९९१ उजाडावं लागलं. पेन घेऊन बसायचं आणि बघायच्या कार्यक्रमांभोवती गोल काढायचे, हा नॅनचा सोहळा. हे वेड एकट्या त्यांचं नव्हतं बरं का. १९८८ चा नाताळ अंक १ कोटी १२ लाखांच्या वर खपला!

दुपारी तीनला राणीचं भाषण. त्याआधी भांडी आवरून, एप्रन काढून नॅन खुर्चीत ताठ बसत. ही प्रथा १९३२ सालची. पाचव्या जॉर्जनं रेडिओवरून पहिलं भाषण केलं, आणि ते लिहून दिलं होतं रडयार्ड किपलिंगनं. म्हणजे मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मलेल्या माणसानं! वेळ तीनची ठरली, कारण साम्राज्यातल्या जास्तीत जास्त देशांना लघुलहरींवर ते त्या वेळी ऐकू जाणार होतं. घरापासून लांब असलेल्या माणसांसाठी काढलेली ती वेळ. आणि योगायोग असा की लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच १९३२ सालचं. सासूबाईंना भाषणातलं अवाक्षर कळलं नाही. पण शेवटी म्हणाल्या, "बाई मोठी नेटकी बोलते. हातवारे नाहीत, काही नाहीत."

मग पुडिंग आलं. वर ब्रँडी ओतून काडी लावली तेव्हा सासूबाई किंचाळल्या, "अगं, दारू पेटवली!" निळी ज्योत विझल्यावर मात्र त्यांनी चमचाभर खाल्लं, आणि नेमकं त्यांच्याच घासात सहा पेन्सचं नाणं आलं. नॅननं टाळ्या वाजवल्या. ज्याला नाणं मिळेल त्याचं वर्ष भरभराटीचं जातं! सासूबाईंनी ते नाणं कनवटीला लावलं. पुढे परत जाताना भारतात घेऊन गेल्या आणि देवघरात ठेवलं.

रात्री ‘मोरकॅम्ब अँड वाइज’. एक उंच चष्मेवाला, एक बुटका. बुटक्याला आपण मोठे नाटककार आहोत अशी खात्री, आणि उंच्या त्याच्या नाटकाचा पार विचका करणार. शब्द कळत नसले तरी चष्मा तिरका करून तो प्रेक्षकांकडे बघे, तेवढंच पुरे होतं. सासूबाईंच्या अंबाड्यावर जांभळा कागदी मुकुट, शेजारी नॅनच्या डोक्यावर हिरवा, आणि दोघी एकमेकींच्या मांडीवर थापा मारत हसताहेत! एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. माझ्या पाहण्यात सासूबाई एवढ्या मोकळ्या फक्त त्याच दिवशी हसल्या. बीबीसीच्या तेव्हाच्या मोजणीप्रमाणे त्या रात्री तो कार्यक्रम २ कोटी ८० लाख लोक बघत होते, म्हणजे जवळजवळ अर्धा देश. दुसऱ्या मोजणीत हा आकडा २ कोटी १३ लाखांपर्यंत खाली येतो. कुठलाही धरा. त्या रात्री सगळी गल्ली एकाच वेळी हसत होती, आणि भिंती पातळ असल्यामुळे ते ऐकूही येत होतं!

इथपर्यंतची गोष्ट मी मंडळाच्या मेळाव्यात बरेचदा सांगितली आहे. पुढची कधी सांगितली नाही.

१९८५ मध्ये आम्ही हॅरोला स्वतःचं घर घेतलं. गाडी आली, व्हीसीआर आला. नाताळला सगळ्यांनाच सुट्टी. त्यामुळे सात-आठ मराठी कुटुंबांनी आमच्याकडे जमायचं, एकेकानं एकेक पदार्थ आणायचा, मुलांनी वर दंगा करायचा आणि मोठ्यांनी खाली हिंदी सिनेमाची नाहीतर नाटकाची कॅसेट लावायची, असं सुरू झालं. इथे जन्मलेल्या पोरांना काका-मावश्या मिळाल्या त्या अशाच दिवसांनी. तो आनंद खोटा नव्हता. पहिल्या वर्षी ‘हे’ ईस्ट हॅमला जाऊन नॅनना घेऊन आले.

१९८६ ला मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझं काही नाही डियर. तुमच्याकडे एवढी माणसं, उगाच धावपळ करू नका." मंडळी, आपल्याकडे कुणी ‘उगाच कशाला’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय, हे आपण बरोबर ओळखतो. ‘नको, नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण तीनदा आग्रह करतो. आणि मी? नॅनचं इंग्रजी ‘नको’ मी एका दमात खरं मानून टाकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. पंचवीस माणसांचा स्वयंपाक होता आणि गाडीनं जाऊन यायला तीन तास मोडले असते. त्या दिवशी ना आगगाड्या, ना ट्यूब, ना बस. त्यांना स्वतःहून येणं शक्यच नव्हतं.

सत्तावीस तारखेला डब्यात करंज्या भरून आम्ही गेलो. नॅन नेहमीसारख्याच हसतमुख. ‘ईस्टएंडर्स’मध्ये डेननं अँजीला नाताळच्याच दिवशी घटस्फोटाचे कागद दिले, ते त्यांनी रंगवून सांगितलं. (तो भाग, नंतरचं पुनःप्रक्षेपण धरून, ३ कोटींच्या वर लोकांनी पाहिला होता.) चहा करायला त्या आत गेल्या तेव्हा माझं टेबलाकडे लक्ष गेलं. एक ताट, एक ग्लास आणि ताटाशी एक क्रॅकर. न उघडलेला. दोन दिवस तसाच.

क्रॅकर एकट्यानं ओढता येत नाही हो. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.

मी काही बोलले नाही. आमच्या धाकट्या लेकीला, ती तेव्हा सात वर्षांची, सांगितलं, "जा, नॅनबरोबर तो ओढ." फट् आवाज झाला. नॅननं मुकुट घातला, आतला पांचट विनोद वाचून दाखवला, आणि म्हणाल्या, "आता झाला खरा नाताळ." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर त्या होत्या तोवर, १९९१ च्या नाताळपर्यंत, ‘हे’ दरवर्षी सकाळी आठला गाडी काढत. त्या एका वर्षाची भरपाई झाली असं मला आजही वाटत नाही.

आता काळ बदलला. दुपारी तीनला २०२२ पासून राजाचं भाषण असतं. सगळ्या देशानं एकच कार्यक्रम बघायचे दिवस जवळजवळ गेलेच. २०२४ च्या नाताळला ‘गॅव्हिन अँड स्टेसी’चा शेवटचा भाग त्या रात्री सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी पाहिला, तर केवढं कौतुक झालं! आमच्याकडे गेल्या वर्षी नऊ माणसं होती आणि नऊ फोन. नातवंडांना रागावणार होते. पण मग आठवलं, व्हीसीआरची कॅसेट लावून नॅनच्या टीव्हीकडे पाठ फिरवणारी पहिली मीच. दोष पडद्याचा नाही. पडद्यासमोर शेजारी कुणाला बसवायचं, ते आपल्याच हातात असतं.

एक गोष्ट तेवढी बदललेली नाही. पंचवीस तारखेला लंडनमध्ये आजही बस-ट्यूब-आगगाडी काही चालत नाही, आणि इंग्लंड-वेल्समध्ये मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला २००४ च्या कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे तो दिवस चालत जाण्याच्या अंतरावर जी माणसं असतील त्यांच्याबरोबरच काढायचा. आमच्या रस्त्यावर सप्टेंबरात एक तरुण जोडपं आलं आहे. पुण्याचं, संगणकवालं. परवा मुलगी भेटली तेव्हा सहज म्हणाली, "काकू, पंचवीसला आम्ही ट्यूबनं सेंट्रल लंडनला जाणार आहोत, लायटिंग बघायला." मी म्हटलं, "लायटिंग आधीच बघून या. पंचवीसला दूध जास्तीचं आणून ठेवा, आणि दुपारी एकला आमच्याकडे या." तिनं "कशाला उगाच काकू, तुम्हाला त्रास," म्हटलं. मी तिला तीनदा आग्रह केला!

पलीकडच्या घरात एक इंग्रज आजोबा एकटेच राहतात. त्यांनाही सांगून आले आहे. ते "बघतो" म्हणाले. म्हणजे पुन्हा जावं लागणार.

तुम्हीही आपल्या रस्त्यावर एकदा नजर टाका. एखादी खिडकी, एखादं दार सापडेल. क्रॅकरचा डबा आणालच, तर एक जास्तीचा धरून आणा. आणि हो, आकाशकंदील इतक्यात काढू नका. कोण कुठून बघत असेल, सांगता येत नाही.

सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा. वसंत अंकात भेटूच. लोभ आहेच, तो वाढावा.